वजन ११८ किलो, उंची ६ फूट १, पहिलीच गेअरची गाडी: कोणती घेऊ?

सातपूरकर

नमस्कार मंडळी. वय २८, उंची ६ फूट १, वजन ११८ किलो. आत्तापर्यंत पप्पांची अ‍ॅक्टिव्हा आणि घरची कार एवढंच चालवलंय, क्लच-गेअरची बाइक कधी हातात घेतली नाही. आता जॉब बदललाय, रोज पाथर्डी फाटा ते सातपूर एमआयडीसी आणि सुट्टीला त्र्यंबक, घोटी, कधीतरी कसारा घाट उतरून खाली असं फिरायचंय. बजेट सव्वादोन लाख ऑन रोड, फारच खेचलं तर अडीच.

प्रॉब्लेम असा की ज्याला विचारावं तो गाडीचा विचार न करता माझ्याकडे बघून उत्तर देतो. मित्र म्हणतात तुला बुलेटच शोभेल. एका शोरूममधे गेलो तर तिथल्या पोराने वरपासून खालपर्यंत बघितलं, म्हणाला सर तुमच्यासाठी साडेतीनशेच्या खाली काही नाही, आणि मी तोंड उघडायच्या आत कोटेशन प्रिंट करून हातात. मामा म्हणतो पहिलीच गाडी आणि ती दोनशे किलोची, सिग्नलला आडवी झाली तर उचलणार कोण, गुपचूप १५० घे. आई म्हणते दुसरी कारच घे.

मला कळायचंय ते एवढंच की १५०-१६० सीसीची गाडी मला ओढेल का, शॉकअप लगेच बसतील का, आणि नवशिक्याला जड गाडी खरंच अवघड जाते का. एवढा मोठा माणूस छोट्या गाडीवर म्हणजे सर्कशीतलं अस्वल सायकलवर, हे मला माहितीय, त्यामुळे तो विनोद माझ्याकडूनच झाला असं समजा आणि पुढचं बोला. मायलेजचं फार टेन्शन नाही.

---

रंकाळा_एक्स्प्रेस

भावा बुलेट. विषय संपला. ११८ चा गडी आणि खाली धडधडणारी बुलेट, नाद नाय करायचा. १५० वर बसलास तर गाडीच दिसायची नाय 😂

---

पर्वती_पायथा

रंकाळा भाऊ, शोभते म्हणून शेरवानी घ्यावी, गाडी नाही 😀

सातपूरकर, मी ६ फूट २ आणि तुझ्याच वजनगटातला, त्यामुळे हे सगळं ऐकून झालंय. लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बस.

ओढण्याचं आधी. १५० सीसीच्या गाडीवर रोज दोन माणसं बसतात की नाही? सत्तर-सत्तरची दोन आणि पाठीवर सॅक म्हणजे १४५-१५० किलो झाले. तू एकटा, जॅकेट बूट हेल्मेट धरून सव्वाशे. वर एक बसलाय का दोन हे इंजिनाला कळत नाही. मॅन्युअलमधे मॅक्सिमम लोड नाहीतर ग्रॉस वेट (गाडी धरून एकूण वजन) दिलेलं असतं, ग्रॉस असेल तर त्यातून गाडीचं कर्ब वेट (पेट्रोल-ऑइल भरलेल्या रिकाम्या गाडीचं वजन) वजा कर, राहिलं ते तुझं, मागच्याचं आणि सामानाचं मिळून. एकट्याला तो आकडा पुरतोच. गडबड होते ती मागे कोणी बसलं की. तू ११८, मागे ७० चा मित्र, म्हणजे १९० च्या आसपास, आणि इथे बऱ्याच छोट्या गाड्यांचा हिशोब संपतो. म्हणून सीसीच्या आधी हे सांग की मागे कायम कोणी असणार आहे का.

घाटातला फरक मात्र खरा आहे. पल्सर १५० ला साधारण सव्वातेरा न्यूटन मीटर टॉर्क (ओढायची ताकद), रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० ला २७ आणि तोही ४००० आरपीएमलाच, म्हणजे इंजिन फार न पळवता. म्हणजे कसारा चढताना ट्रकच्या मागे अडकलास की १५० ला गेअर पाडून बोंबलवत न्यावी लागेल, साडेतीनशे वरच्या गेअरमधेच ढकलत राहील. जातात दोन्ही.

आता मामाचं. मामा अर्धा बरोबर आहे. आपण जड आहोत म्हणून जड गाडी आपल्याला हलकी लागेल असा एक गोड गैरसमज असतो, शोरूमवाले तो मुद्दाम पोसतात. गाडी चालत असताना १९५ किलो कळतच नाहीत. कळतात कधी, तर पार्किंगमधे उताराला तोंड करून लावलेली गाडी मागे खेचताना, रेतीवर यू टर्न मारताना, आणि ट्रॅफिकमधे हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला गेला की. तिथे तुझं वजन काही कामाला येत नाही, उलट गाडी एकदा कलायला लागली की तूही तिच्याच बाजूला कलतोस.

पण तुझ्याकडे एक गोष्ट आहे जी नवशिक्याला सगळ्यात जास्त वाचवते, ती म्हणजे उंची. क्लासिकची सीट ८०५ मिमी, एनफिल्डचीच हंटर ७९०, होंडा हायनेस ८००. या सगळ्यांवर तुझे दोन्ही पाय सपाट टेकणार, आणि आपण बसलो की शॉकअप दबून गाडी अजून खाली येते ते वेगळंच. साडेपाच फुटी पोरगा याच गाड्या बोटांवर तोलत शिकतो.

वजनं सांगतो, तूच बघ. क्लासिक १९५, एनफिल्डची मिटिऑर १९१, हंटर आणि हायनेस दोन्ही १८१, ट्रायम्फ स्पीड ४०० साधारण १७६, टीव्हीएस रोनिन १६०. मधल्या टप्प्यात भरपूर काही आहे, थेट १५० किंवा थेट बुलेट अशी सक्ती कोणी केली नाहीये.

आणि शोरूममधे गेलास की फक्त बसून फोटो काढून येऊ नको. गाडीवर बस, दोन्ही पाय फुटपेगवर (सेल्समनला पुढचं चाक धरायला सांग, ते त्याचं कामच आहे), आणि हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरव. हँडलचं टोक गुडघ्याला लागतंय का, पोटाला टेकतंय का, लांबच्या हाताचा कोपर सरळ ताणला जातोय का. लागलं तर ती गाडी यू टर्नला तुला पाडणार, ब्रँड कोणताही असो. मग गुडघे बघ, टाकीच्या खाचेत बसतात का खाचेच्या पुढे इंजिनाकडे जातात. हंटर याच कारणाने मला जमली नाही, गाडी झकास आहे पण आटोपशीर आहे, पेग जरा मागे आहेत, उंच माणसाचा गुडघा जास्त दुमडतो आणि तासाभराने कळतं.

मिटिऑरची सीट ७६५, म्हणून नवशिक्यांना सगळे तीच सुचवतात. तुला नको असं माझं मत. पाय पुढे असतात त्यामुळे सगळं धड माकडहाडावर, खड्डा आला की पेगवर उभं राहून सोडता येत नाही. आपल्या वजनाला आणि आपल्या रस्त्यांना ते परवडत नाही.

---

निनावी_७२

आधी वजन कमी करा मग गाडी घ्या. पैसे पण वाचतील.

---

ठाण्याची_ताई

निनावी, त्यांनी गाडी विचारलीय, डाएट प्लॅन नाही. तोपर्यंत ऑफिसला चालत जायचं का त्यांनी? सातपूरला?

सातपूरकर, मी पण मोठ्या मापाची रायडर आहे, उंची तुमच्याएवढी नाही पण वजन नव्वदच्या पुढे, त्यामुळे दोन गोष्टी ज्या कोणी सांगत नाही त्या सांगते.

एक म्हणजे बूट. तुमचा नंबर ११ किंवा १२ असणार. क्लासिक आणि हायनेसला टाच-पंजा दोन्हीकडून दाबायचा गेअर लिव्हर येतो, त्या दोन टोकांच्या मधे मोठा रायडिंग बूट बसतच नाही, टाच मागच्या पट्टीवर राहते आणि पंजा वर उचलायला गेलं की आपोआप वरचा गेअर पडतो. नवीन माणसाला वाटतं आपल्यालाच जमत नाहीये. त्यामुळे टेस्ट राइडला जाताना रोज घालणार तेच बूट घालून जा, चपलेत जाऊ नका. पुढे मेकॅनिककडून लिव्हर थोडा वर-खाली करून घेता येतो.

दुसरं गिअर, म्हणजे अंगावरचं. गाडी बुक करायच्या आधी जॅकेट आणि हेल्मेटची मापं घेऊन ठेवा, कारण मोठी साइझ दुकानात टांगलेली नसते, मागवावी लागते आणि गाडी येऊन दारात उभी राहते. हेल्मेटसाठी भुवयांच्या वरून डोक्याभोवती टेप गुंडाळून सेंटिमीटरमधे माप घ्या. घट्ट होतंय म्हणून एकदम ढगळ घ्यायचं नाही, गाल दाबले गेले पाहिजेत, कपाळ दुखता कामा नये. आयएसआय मार्क आयएस ४१५१ चा बघून घ्या. जॅकेट उभं राहून घालून बघू नका, गाडीवर बसून बघा. आपल्यासारख्यांचं जॅकेट बसल्यावर पोटावरून वर सरकतं आणि पाठ उघडी पडते, आणि कोपराचं प्रोटेक्टर कोपरावर न राहता भलतीकडेच जातं.

आणि शिकायचं म्हणाल तर नवीन गाडीवर शिकू नका. कोणाची तरी स्प्लेंडर मागा. ११२ किलोची गाडी आहे, क्लच मऊ, तुमच्या हातात खेळणं वाटेल आणि तेच पाहिजे. सुट्टीच्या दिवशी सकाळी मोकळा रस्ता बघून अ‍ॅक्सिलरेटरला हात न लावता फक्त क्लच सोडून गाडी हलवायची, परत दाबायचा, परत सोडायचा. वजन जास्त असेल तर गाडी जरा उशिरा हलते म्हणून आपण घाबरून रेस देतो आणि हाफ क्लचवर ठेवतो, मग क्लच प्लेटचा वास येतो. तो वास ओळखायला शिका, पैसे वाचतात.

लर्निंग लायसन्स आजच काढा, कारचं असलं तरी गेअरच्या टू-व्हीलरचा क्लास त्यात वेगळा लागतो. लर्निंग मिळाल्यावर ३० दिवस थांबावंच लागतं पक्क्याच्या टेस्टसाठी, ते दिवस स्प्लेंडरवर घालवा.

---

स्पॅनर_सातारा

गॅरेज हाय माझं, म्हणून शॉकअपचं मी सांगतो.

शॉकअप बसत बिसत काय नाय हो सहा महिन्यात. लोक गाडी घेऊन जातात आणि मागच्या शॉकअपचं सेटिंग, ज्याला प्रीलोड म्हणत्यात, कंपनीतनं आलं तसंच ठिवतात, ते साठ-सत्तर किलोच्या माणसासाठी असतंय. मग सव्वाशे किलो बसलं की खड्ड्यात ठाण्‌दिशी खाली आदळतंय आणि म्हणत्यात शॉकअप गेलं. क्लासिकला मागं सहा खाचा हायत. टूलकिटमधी वाकडा सी स्पॅनर येतोय, त्यानं दोन्ही बाजू सारख्या फिरवायच्या, एक बाजू चारवर आणि दुसरी पाचवर असलं करायचं नाय. तुम्ही चौथ्या-पाचव्या खाचेपासनं सुरू करा. एक ध्यानात ठेवा, त्यानं स्प्रिंग कडक होत नाय, स्प्रिंग तीच. फक्त गाडी बसायला जिथनं सुरुवात करते ती जागा वर जाते, म्हणजे खड्ड्यासाठी खाली जागा शिल्लक राहते. सगळ्या खाचा लावून पण आदळत असंल तर मग जाड स्प्रिंगचा शॉकअप बाहेरनं घ्यायचा. ते नंतरचं, आधीच खर्च करू नका.

मोजायचं असंल तर सोपं हाय. मेन स्टँडवर गाडी, मागचं चाक हवेत. चाकाच्या एक्सलपासनं वर सीटखाली एक खूण करा, टेप लावा. मग स्टँड काढून तुम्ही पूर्ण गियर घालून बसा, दुसऱ्याला परत मोजायला सांगा. मागच्या चाकाची वर-खाली जेवढी चाल हाय तिच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास फरक आला तर बरोबर. अर्धी चाल बसल्याबसल्याच संपत असंल तर प्रीलोड वाढवा.

मागं गाडी बसली की पुढचा हेडलाइट आभाळाकडं जातोय, हे कोण बघत नाय. रात्री समोरचा डिपर मारतोय आणि आपण म्हणतोय ह्याला काय झालं. प्रीलोड लावल्यावर भिंतीसमोर बसून लाइट खाली करून घ्या.

हवा: चेनगार्डवर नायतर स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणारा दांडा) स्टिकर असतोय, एकट्याचा आकडा आणि डबलसीटचा आकडा. तुम्ही एकटे असला तरी मागच्या टायरला डबलसीटचाच आकडा. आणि हवा सकाळी, टायर थंड असताना.

टायरवर साइझच्या पुढं एक नंबर असतोय, ५७ पी, ६२ पी असला. तो नंबर म्हंजे लोड. ५७ म्हंजे त्या एका टायरवर २३० किलो, ६२ म्हंजे २६५, ६६ म्हंजे ३००. उद्या टायर बदलताना दुकानदार स्वस्तातला कमी नंबरचा गळ्यात मारंल, घेऊ नका, कंपनीचा असंल तेवढा नायतर त्याच्या वरचा.

चेन मॅन्युअलमधी जेवढी सैल सांगितली तेवढी सैलच. लय लोकांना टाइट आवडती. तुम्ही बसल्यावर स्विंगआर्म वर जातोय आणि चेन अजून ताणती, मग बेअरिंग बोंबलतंय.

आणि तारांची चाकं नको, अलॉय घ्या. तारा अधनंमधनं सैल होतात, बघाव्या लागतात, आणि त्यात ट्यूब असती. ट्यूबची पंक्चर झाली की हवा भसकन जाती, जड माणूस वर असताना ते चांगलं नाय. ट्यूबलेस हळूहळू बसतंय.

---

पर्वती_पायथा

स्पॅनर भाऊंच्या पोस्टला शंभर लाइक. हेडलाइटचं तर मी कुठेच वाचलं नव्हतं.

---

जुनी_गाडी_नवा_रस्ता

माझं मत जरा वेगळं. पहिली गाडी नवी घ्यायचीच कशाला? पडणार तर आहेच, सगळेच पडतात. पन्नास-साठ हजारात चांगली १५०-१६० मिळते, वर्षभर वापर, आपटून घे, मग कळेल आपल्याला काय हवंय, आणि जवळपास त्याच भावात विकली जाते. फक्त २०१९ च्या एप्रिलनंतरची बघ, तेव्हापासून १२५ च्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सिस्टिम) कंपल्सरी झालं. जड माणूस, पहिला पावसाळा आणि बिनएबीएसची गाडी हे कॉम्बिनेशन मला बघवत नाही.

नवीनच घेणार असशील तर एक हिशोब. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के आणि त्याच्या वर ४०. क्लासिक ३४९, होंडा ३४८, दोन्ही अलीकडच्या बाजूला. डोमिनार ३७३ आणि स्पीड ४०० पलीकडे. कंपन्या आणि डीलर ऑफर काय काय देतात ते वेगळं, पण तुझ्या बजेटमधे हा फरक जाणवतो. आणि ४० बीएचपीच्या आसपासच्या गाड्या पहिल्याच वर्षी नकोत असं मला वाटतं, वजन पेलायला तेवढी ताकद लागतच नाही.

---

सातपूरकर

सगळ्यांचे मनापासून आभार, निनावींचे पण 😄

मागे कोणी कायमचं नाही सध्या, आईला कधीतरी पंचवटीत सोडणं एवढंच. सेकंड हँडचा विचार केला, पण पप्पांचं म्हणणं की दुसऱ्याचं दुखणं घरात आणायचं नाही, त्या वादात मी पडत नाही.

काल टेस्ट राइडचं बोलून आलो, चालवली मात्र मित्राने, लायसन्स नाही म्हणून मी नुसता बसून आणि मागे बसून बघितलं. हँडल फिरवायची टेस्ट केली आणि सेल्समनला पुढचं चाक धरायला लावलं, त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. हंटरवर गुडघा खरंच वर येतो, पर्वती भाऊ बरोबर. मिटिऑरवर सोफ्यासारखं वाटलं पण मित्राने मुद्दाम खड्ड्यातून नेली आणि मी उतरलो. क्लासिकवर हँडल कुठेच लागत नाही, पाय सपाट. हायनेसवरही तेच, आणि ती स्टँडवरून सरळ करताना जरा हलकी वाटते. बूट ११ नंबरचा, ताई म्हणाल्या तस्साच दोन्हीकडे अडकला.

हिरोची एक्सपल्स कोणी बोललंच नाही, ती कशी? उंच माणसाची गाडी म्हणतात. आणि मेन स्टँडला मी आत्ताच घाबरलोय, १९५ किलो उचलायचे कसे?

---

ठाण्याची_ताई

मेन स्टँड उचलायचाच नसतो हो! एक हात हँडलवर, एक मागच्या ग्रॅब रेलवर, उजवा पाय स्टँडच्या पट्टीवर, आधी स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकलेत ना ते बघायचं आणि मग त्या पट्टीवर सरळ उभं राहायचं. गाडी आपोआप मागे चढते. इथे आपलं वजन कामाला येतं, बारीक पोरं घाम गाळतात आणि आपली एका झटक्यात चढते.

पडलेली गाडी उचलताना मात्र कंबरेत वाकायचं नाही. इंजिन बंद, उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड उघडून ठेवायचा, जमलं तर गेअरमधे टाकायची म्हणजे घसरत नाही. मग सीटला पाठ लावून खाली बसायचं, एका हाताने खालचं हँडल, दुसऱ्याने फ्रेम किंवा ग्रॅब रेल, आणि पायांनी मागे चालत वर ढकलायची. हे स्प्लेंडरवर करून बघा एकदा मित्राला बाजूला उभं करून.

---

पर्वती_पायथा

एक्सपल्स: २०० फोर व्ही ची सीट ८२५, नवीन २१० ची ८३०, तुझ्या उंचीला दोन्ही मस्त, पेगवर उभं राहून खड्डे सोडता येतात, वजनालाही हलक्या. पण सस्पेन्शनची चाल लांब आणि मऊ, आपण बसलो की मागून चांगलीच खाली जाते आणि ब्रेक मारला की पुढून खाली झुकते. प्रीलोड लावून बऱ्यापैकी सुधारते. शहरात आणि खराब रस्त्यावर जास्त जाणार असशील तर मी तिला होंडाच्या बरोबरीने धरेन, हायवेला तास तास बसायचं तर सीट अरुंद आहे, आपल्या बुडाला टोचते. स्पष्टच बोललो.

तुझ्या जागी मी असतो तर हायनेस. क्लासिकपेक्षा १४ किलो कमी, आणि ते १४ किलो पार्किंगमधे रोज भेटतात. पण सर्व्हिस सेंटर घरापासून किती लांब आहे ते बघ, नाशिकमधे बुलेटचा मेकॅनिक गल्लीबोळात मिळेल, हायनेसचा तसा नाही मिळणार.

---

रंकाळा_एक्स्प्रेस

मग क्लासिकच की! मी काय म्हणत होतो वर 😂

---

सातपूरकर

रंकाळा भाऊ तुम्ही बुलेट म्हणाला होतात, क्लासिक नाही 😄

लर्निंगची ऑनलाइन टेस्ट पास झालो. शेजारच्या काकांची स्प्लेंडर मिळालीय, अट अशी की पेट्रोल माझं आणि आरसा फुटला तर दोन्ही नवीन. गाडी पक्क्या लायसन्सनंतर, तोपर्यंत एक्सपल्सवरही बसून बघतो. स्पॅनर भाऊ, डिलिव्हरीच्या दिवशी तिथेच प्रीलोड लावून द्या म्हणालो तर देतात का, आणि क्रॅश गार्ड लावू का?

---

स्पॅनर_सातारा

देतात की, पाच मिनिटांचं काम हाय, पण गाडीचा हार-नारळ व्हायच्या आधी सांगा, नंतर कोण हात लावत नाय. टूलकिट उघडून सी स्पॅनर हाय का ते पण तिथंच बघा. गार्ड लावा, पण लावल्यावर गाडीवर बसून पाय खाली सोडून बघा, उंच माणसाची नडगी नेमकी त्याच पाइपला लागती.